ओळखक्रमांक बदलताना: तुटलेले दुवे कसे तयार होतात आणि कसे दुरुस्त करायचे

२० डिसेंबर २०१० पासून भारतीय रेल्वेने गाड्यांचे क्रमांक चार अंकांवरून पाच अंकांवर नेले. मुंबईहून पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन तोपर्यंत २१२३ होती, ती १२१२३ झाली. गाडी तीच, मार्ग तोच, बदलला तो फक्त क्रमांक. पण हा क्रमांक किती ठिकाणी लिहिलेला होता याचा विचार करा: छापील वेळापत्रके, आरक्षणाची संगणकप्रणाली, स्थानकांवरचे फलक, आधीच काढून ठेवलेली तिकिटे आणि रोजच्या प्रवाशांची डोकी. तरीही गोंधळ आवाक्यात राहिला, कारण मेल-एक्स्प्रेस गाड्यांसाठीचा नियम एका ओळीचा होता: जुन्या क्रमांकापुढे १ लावा. जुना क्रमांक माहीत असलेला कोणीही नवा क्रमांक मनातल्या मनात काढू शकत होता.

संगणकावरच्या माहितीसंग्रहात क्रमांक बदलावे लागतात, तेव्हा इतका सोपा नियम नेहमी हाती असतोच असे नाही. प्रश्नोत्तरांचे संग्रह, चर्चेचे धागे, ग्रंथालयाच्या नोंदी, प्रबंधांची भांडारे या सगळ्यांत प्रत्येक घटकाला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावर इतर शेकडो गोष्टी अवलंबून असतात. क्रमांक बदलला की त्या तुटतात. कशा तुटतात आणि कशा जोडायच्या, हे या पाठात पाहू. डेटाबेसमधील तक्ता, ओळ आणि प्रायमरी की या संकल्पना तुम्हाला माहीत आहेत असे गृहीत धरले आहे.

तुटण्याचे तीन प्रकार

समजा, एखाद्या संकेतस्थळावरच्या पत्त्याचा शेवटचा भाग ‘/प्रश्न/१२३’ असा आहे. ब्राउझर हा पत्ता सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर त्यातला १२३ वेगळा काढतो, प्रश्नांच्या तक्त्यात त्या क्रमांकाची ओळ शोधतो आणि तिच्यावरून पान तयार करून पाठवतो. म्हणजे दुवा हे एक वचन असते: १२३ म्हटले की अमुकच प्रश्न मिळेल.

हे वचन तीन प्रकारे मोडते. पहिला प्रकार सर्वांच्या परिचयाचा: १२३ क्रमांकाची ओळच नाही, म्हणून सर्व्हर ४०४ हा संकेत पाठवतो. दुसऱ्या प्रकारात पान नसते, पण सर्व्हर ‘सर्व ठीक’ या अर्थाचा २०० संकेत पाठवतो आणि पानावर मात्र ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिलेले असते. माणसाला ते कळते. दुवे तपासणाऱ्या प्रोग्रॅमला कळत नाही. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. १२३ क्रमांकावर आता दुसराच प्रश्न आहे. पान उघडते, व्यवस्थित दिसते, कुठेही चूक दाखवली जात नाही. आपण भलत्याच ठिकाणी आलो आहोत हे फक्त मूळ मजकूर आठवणाऱ्यालाच समजते. ४०४ निदान खरे बोलतो.

क्रमांक बदलतातच का

खरे तर बदलू नयेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध टिपणाचा आशय हाच होता, की पत्ता बदलण्याचे तांत्रिक कारण जवळजवळ कधीच नसते, कारणे व्यवस्थापनाची असतात. तरीही व्यवहारात ते बदलतात. सॉफ्टवेअर बदलते आणि नवे सॉफ्टवेअर आयात करताना प्रत्येक ओळीला आपला स्वतःचा क्रमांक देते. कोणी क्रमांकात विभागाचे किंवा वर्षाचे संक्षिप्त रूप घातलेले असते आणि पुढे विभागाचेच नाव बदलते. सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे विलीनीकरण. दोन संग्रह स्वतंत्रपणे वाढले, दोन्हींत क्रमांक १ पासून सुरू झाले, आता दोन्ही एकत्र करायचे आहेत. दोघांकडेही १२३ आहे. एकाला माघार घ्यावीच लागते.

अशा वेळी नव्या डेटाबेसला आपोआप क्रमांक देऊ द्यावेत की नियमाने बदलावेत, हा पहिला निर्णय. दुसऱ्या संग्रहातल्या प्रत्येक क्रमांकात ठरावीक संख्या मिळवली, तर रेल्वेसारखा एका ओळीचा नियम मिळतो. आपोआप दिलेल्या क्रमांकांना नियम नसतो. तिथे ‘जुना क्रमांक, नवा क्रमांक’ असा दोन स्तंभांचा तक्ता आयात होत असतानाच लिहून ठेवावा लागतो. हा तक्ता नंतर तयार करणे जवळपास अशक्य असते. माझे मत असे, की नियम असला तरी तक्ता ठेवावाच. जागा फार लागत नाही, आणि नियमाला अपवाद निघतातच.

नियमही वाटतो तितका साधा नसतो, याचे उत्तम उदाहरण पुस्तकांच्या आयएसबीएनचे आहे. १ जानेवारी २००७ पासून दहा अंकी आयएसबीएन तेरा अंकी झाले. पुढे ९७८ जोडायचे, एवढेच अनेकांच्या लक्षात राहिले. पण शेवटचा अंक हा तपासणी अंक आहे आणि तो काढण्याची रीतही बदलली. ०-३०६-४०६१५-२ या क्रमांकाचे नवे रूप ९७८-०-३०६-४०६१५-७ असे होते. शेवटचा २ जाऊन ७ आला. नव्या रीतीत पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करतात: येथे ती ९३ येते, आणि पुढच्या दशकापर्यंत, म्हणजे १०० पर्यंत, ७ कमी पडतात. नुसते ९७८ चिकटवले असते तर क्रमांक अवैध ठरला असता.

डेटाबेसच्या आत

प्रश्नांच्या तक्त्यातला क्रमांक बदलला, की उत्तरांच्या तक्त्यातही तो बदलायला हवा, कारण प्रत्येक उत्तराच्या ओळीत ‘हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे’ हे क्रमांकानेच नोंदलेले असते. हीच फॉरेन की. ती नीट घोषित केलेली असेल आणि तिला ‘ऑन अपडेट कॅस्केड’ हा पर्याय जोडलेला असेल, तर मुख्य तक्त्यात बदल करताच डेटाबेस उरलेल्या तक्त्यांत तो स्वतःच करतो. अनेक जुन्या प्रणालींत मात्र फॉरेन की घोषितच केलेली नसते. संबंध फक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मनात असतो. म्हणून सुरुवात नेहमी यादीपासून करावी: हा क्रमांक कोणकोणत्या तक्त्यांत, कोणकोणत्या स्तंभांत साठवलेला आहे? जोडलेल्या फाइली, वाचनखुणा, सूचना, शोधाची अनुक्रमणिका आणि मताधिकार नोंदवणारे तक्ते हमखास विसरले जातात.

आणखी एक अडचण प्रत्यक्ष बदल करताना येते. सर्व क्रमांकांत १ मिळवायचा आहे असे समजा. मायएसक्यूएल ओळीओळीने काम करते. १ चा २ करू गेले, तर २ आधीच तिथे बसलेला, म्हणून ‘क्रमांक दुबार आला’ अशी चूक दाखवून ते थांबते. मोठ्या क्रमांकाकडून लहानाकडे जाण्याचा आदेश दिला की काम होते. त्याहून निर्धोक उपाय म्हणजे दोन टप्पे: आधी सर्व क्रमांक कधीच न वापरलेल्या पट्ट्यात, उदाहरणार्थ दहा लाखांच्या पुढे, न्यायचे आणि मग तिथून अंतिम जागी आणायचे. हे सगळे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करावे. अर्ध्यात वीज गेली तर अर्धे जुने, अर्धे नवे क्रमांक असलेला संग्रह कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

मजकुरात लिहिलेले दुवे

खरी गुंतागुंत इथे आहे. एखाद्या उत्तरात कोणीतरी ‘याचे स्पष्टीकरण प्रश्न १२ मध्ये पाहा’ असे लिहून दुवा दिलेला असतो. डेटाबेसच्या दृष्टीने तो निव्वळ मजकूर. त्यात क्रमांक आहे हे त्याला माहीत नसते, त्यामुळे कॅस्केड इथे काहीच करत नाही.

मी स्वतः केलेली चूक सांगतो. एका महाविद्यालयात आम्ही भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन विभागांचे प्रश्नसंग्रह एकत्र केले. भौतिकशास्त्राचे क्रमांक १ ते ८४०, रसायनशास्त्राचे १ ते १२६०. भौतिकशास्त्राचे तसेच ठेवायचे आणि रसायनशास्त्राच्या प्रत्येक क्रमांकात ८४० मिळवायचे, असे ठरले. तक्त्यांतले क्रमांक बिनचूक बदलले. मग मजकुरातल्या दुव्यांसाठी मी छोटा प्रोग्रॅम लिहिला: रसायनशास्त्राच्या सगळ्या मजकुरात १ चा दुवा शोध, त्याचा ८४१ कर, २ चा ८४२ कर, असे १२६० पर्यंत. १२ शोधताना १२३ मधला १२ पकडला जाऊ नये, याची काळजी घेतली होती. तरीही फसलो.

कसा, ते पाहा. सुरुवातीलाच १ चा ८४१ झाला. प्रोग्रॅम पुढे जात जात ८४१ पर्यंत पोचला. त्याला मजकुरात ८४१ दिसला. हा मूळचा ८४१ आहे की आपणच मघाशी १ पासून बनवलेला, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. त्याने त्याचा १६८१ केला. अशा रीतीने १ ते ४२० या सर्व क्रमांकांचे दुवे दोनदा सरकले. एकत्र संग्रहात २१०० प्रश्न होते, त्यामुळे १६८१ हा क्रमांकही अस्तित्वात होता. एकही ४०४ आला नाही. दुवे तपासणाऱ्या प्रोग्रॅमने सर्व दुवे चालू असल्याचे सांगितले. मोलॅरिटीच्या प्रश्नातून दिलेला दुवा भलत्याच प्रश्नावर नेतो, असे एका विद्यार्थिनीने परीक्षेच्या आठवड्यात सांगितले, तेव्हा प्रकार उघडकीस आला. तोवर कितीजणांनी चुकीचे स्पष्टीकरण वाचून पुढे पाने उलटली असतील, याची नोंद कुठे नसते.

१२६० पासून उलट्या क्रमाने आलो असतो तर या प्रकरणात वाचलो असतो, कारण नवा क्रमांक नेहमी जुन्यापेक्षा मोठा होता. पण तक्त्यानुसार बदल करायचे असतील आणि ५ चा ७ व ७ चा ५ होणार असेल, तर कोणताही क्रम उपयोगी पडत नाही. योग्य रीत एकच: मजकूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच वाचायचा, दुवा दिसला की त्यातला पूर्ण क्रमांक उचलायचा, तक्त्यात पाहायचा, नवा क्रमांक लिहायचा आणि पुढे जायचे. लिहिलेल्याकडे मागे वळून पाहायचे नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनला फंक्शन जोडण्याची सोय बहुतेक भाषांत असते. ती याचसाठी वापरावी.

शिवाय एकाच प्रश्नाचा दुवा लोक अनेक रूपांत लिहितात: पूर्ण पत्ता किंवा नुसता मार्ग, एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस, शेवटी तिरकी रेघ असलेला आणि नसलेला, पृष्ठक्रमांक जोडलेला. प्रोग्रॅम लिहिण्याआधी मजकुरातून सर्व दुवे काढून त्यांचे वेगवेगळे नमुने मोजावेत. आणि मूळ मजकुराची प्रत राखून ठेवावी. आमच्याकडे ती होती, म्हणून दुरुस्ती एका संध्याकाळी झाली.

बाहेरून येणारे दुवे

आपल्या संग्रहातला मजकूर आपल्या हातात असतो. दुसऱ्या कोणाच्या प्रबंधातला, छापील पुस्तकातला किंवा फोनवरच्या संदेशातला दुवा नसतो. तिथे जुना पत्ता तसाच राहणार हे मान्य करून, त्या जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या जागी पोचवणे एवढेच करता येते. याला पुनर्निर्देशन म्हणतात. सर्व्हर ३०१ हा संकेत आणि नवा पत्ता पाठवतो. ब्राउझर मुकाट्याने तिकडे जातो. ३०१ चा अर्थ ‘कायमचे हलवले’, ३०२ चा ‘तूर्त इकडे’. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतात, म्हणून नियम चुकला तर दुरुस्त केल्यावरही काहींना चुकीचेच पान दिसत राहते. सुरुवातीला ३०२ ने तपासावे, खात्री झाल्यावर ३०१ करावे. जी गोष्ट जाणूनबुजून काढून टाकली आहे, तिच्यासाठी ४१० आहे: होते, आता नाही.

पुनर्निर्देशन शक्य व्हावे यासाठी एक अट आहे आणि ती अनेकदा उशिरा लक्षात येते. जुने आणि नवे पत्ते एकमेकांपासून वेगळे ओळखू यायला हवेत. ‘/प्रश्न/१२३’ हा जुना पत्ताही आणि नवा पत्ताही असेल, तर आलेला माणूस कोणता १२३ मागतो आहे हे सर्व्हरला कसे कळावे? आमचे नशीब असे, की जुन्या पत्त्यांत विभागाचे नाव होते: ‘/रसायन/प्रश्न/१२३’. त्यामुळे ते ‘/प्रश्न/९६३’ कडे वळवता आले. तसे नसते तर नव्या संग्रहाला वेगळा मार्ग, समजा ‘/प्रश्नपेढी/’, द्यावा लागला असता आणि जुना मार्ग कायमचा राखीव ठेवावा लागला असता. एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या कोणाला देऊ नये, हा नियम याच कारणासाठी आहे.

पत्त्यात ‘#’ या खुणेनंतर येणारा भाग, उदाहरणार्थ ‘/प्रश्न/५७#उत्तर-३१२’ मधला ‘उत्तर-३१२’, ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. तो ब्राउझरजवळच राहतो आणि पान आल्यावर त्या जागी सरकण्यासाठी वापरला जातो. पुनर्निर्देशन झाले तर ब्राउझर तोच भाग नव्या पत्त्याला जोडतो. म्हणजे प्रश्नांबरोबर उत्तरांचेही क्रमांक बदलले असतील, तर सर्व्हरवरचा कोणताही नियम ते दुरुस्त करू शकत नाही. साधा उपाय: नव्या पानावर त्या उत्तराजवळ जुन्या क्रमांकाचीही अदृश्य खूण ठेवायची.

दर स्थलांतरात एक नियम वाढत गेला की साखळी तयार होते: पहिला पत्ता दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे. ब्राउझर अशा वीसेक उड्यांनंतर प्रयत्न सोडतात. विकिपीडियाच्या प्रणालीत तर दुहेरी पुनर्निर्देशन मुळात पाळलेच जात नाही. सांगकामे ती शोधून थेट शेवटच्या पानाकडे वळवतात. आपणही जुने नियम अधूनमधून सरळ करावेत. आणि कंटाळा म्हणून सगळे तुटलेले दुवे मुखपृष्ठाकडे वळवू नयेत. ज्याला आम्लाचा पीएच हवा होता, त्याला महाविद्यालयाच्या इमारतीचे छायाचित्र दाखवून काय उपयोग?

तपासणी

वरच्या अनुभवानंतर आमची पद्धत बदलली. स्थलांतरापूर्वी प्रत्येक जुन्या पत्त्याबरोबर त्या पानाचे शीर्षकही नोंदवतो. स्थलांतरानंतर प्रोग्रॅम प्रत्येक जुना पत्ता उघडतो आणि शेवटी मिळालेल्या पानाचे शीर्षक नोंदीशी ताडून पाहतो. संकेत २०० आला एवढे पुरत नाही. त्यानंतरचे काही महिने सर्व्हरच्या नोंदवहीतले ४०४ पाहायचे. त्यात वाचक कोणत्या पानावरून आला हे बहुधा मिळते, आणि विसरलेले नमुने तिथेच सापडतात.

क्रमांक आणि जागा वेगळ्या ठेवणे

या सगळ्या खटाटोपाचे मूळ असे, की वेबवरचा पत्ता एकाच वेळी वस्तूची ओळख आणि तिची जागा ही दोन कामे करतो. ती वेगळी केली तर जागा बदलली तरी ओळख टिकते. शोधनिबंधांचा डीओआय याच तत्त्वावर चालतो. निबंधात डीओआय छापतात. तो आज कोणत्या पत्त्यावर आहे, हे एका मध्यवर्ती तक्त्यात असते. प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले की तो त्या तक्त्यातली नोंद बदलतो. डीओआय ज्या हँडल प्रणालीवर उभा आहे, तीच गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडारही वापरते. तिथल्या प्रबंधाच्या पत्त्यात दिसणारा १०६०३ हा शोधगंगेचा हँडल उपसर्ग आहे आणि तिरक्या रेघेनंतरचा क्रमांक त्या प्रबंधाचा. प्रकल्प-अहवालात शोधगंगेचा संदर्भ देताना ब्राउझरमधला लांबलचक पत्ता उतरवण्याऐवजी हा हँडल लिहावा. यात जादू काही नाही. तक्ता अद्ययावत ठेवणारा माणूस नसेल, तर डीओआयही तुटतो.

याची गरज किती आहे, ते दोन आकड्यांवरून कळेल. जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांच्या २०१४ च्या अभ्यासात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले निम्मे दुवे मूळ संदर्भापर्यंत पोचत नसल्याचे आढळले. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये नोंदवले, की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. तुमच्या अहवालातल्या संदर्भांना हेच लागू आहे. संदर्भ देतानाच ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा आणि पान पाहिल्याची तारीख लिहा. मूळ दुवा गेला तरी परीक्षकाला तुमचा आधार तपासता येईल.

सरावासाठी

वरच्या उदाहरणात भौतिकशास्त्राचे क्रमांक १ ते ८४० ऐवजी १ ते ५०० असते आणि रसायनशास्त्राच्या क्रमांकांत ५०० मिळवून तोच सदोष प्रोग्रॅम चालवला असता, तर काही दुवे तीनदाही सरकले असते. ते कोणते, आणि मूळचा रसायन क्रमांक १ शेवटी कितीवर गेला असता, हे कागदावर काढा. मग ५→७, ७→९, ९→५ असा तक्ता घेऊन एकाच फेरीत मजकूर बदलणारा प्रोग्रॅम तुम्हाला येणाऱ्या भाषेत लिहा, आणि ‘५७’ असलेला दुवा त्याने तसाच सोडला ना, हे तपासा.